छेदात कोण? जालन्यातली सातवी आणि शाळेची 'गुणवत्ता'

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. मंठा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात मी वाचन चाचणीचे कागद घेऊन बसले होते. हजेरीपत्रकावर १९ नावं, समोर ११ मुलं. एकेकाला बाजूला बोलावून उतारा वाचून घेतला, दोन-दोन प्रश्न विचारले. आठ जणांना नीट वाचता आलं, तिघं अडखळली. फॉर्मवर एक चौकट होती, 'वाचू शकणाऱ्यांची टक्केवारी'. ८ भागिले ११, म्हणजे ७३. भरलं आणि निघाले.

निघताना मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही दसऱ्याच्या आधी आले असते तर बरं झालं असतं. आता आठ लेकरं कारखान्याला गेलेत." मग जरा थांबून, "काय लिहिणार तुम्ही? शाळा चांगली का वाईट?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. एसटीत बसल्यावर मात्र तो ७३ चा आकडा डोक्यातून जाईना. छेदात ११ का? पटावर तर १९ आहेत. छेदात १९ घेतले तर ८ भागिले १९, म्हणजे ४२. तोच दिवस, तीच मुलं, तेच शिक्षक, आणि शाळा 'बऱ्यापैकी' वरून थेट 'चिंताजनक' गटात. त्यातही ४२ म्हणणं म्हणजे गेलेल्या आठही जणांना वाचता येत नाही असं धरून चालणं, आणि त्याला माझ्याकडे काडीचा पुरावा नव्हता. आठही जणांना येत असेल तर १६ भागिले १९, म्हणजे ८४. तेव्हा प्रामाणिक उत्तर एवढंच होतं: ४२ ते ८४ च्या मध्ये कुठंतरी.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला 'सीमा' काढणं म्हणतात. चार्ल्स मॅन्स्की या अर्थतज्ज्ञाने हा विचार पद्धतशीर मांडला. जी माहिती मिळाली नाही तिच्याबद्दल सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगली, अशा दोन्ही शक्यता धरा आणि उत्तर त्या दोन टोकांच्या मध्ये ठेवा. दिसायला हा कबुलीजबाबच वाटतो. पण पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'गुणवत्ता' हा शब्द लिहिण्याआधी प्रत्येकाने हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं. मी केलं नव्हतं. माझ्या पहिल्या आराखड्यात चाचणीच्या टक्केवारीवरून शाळांचे 'प्रगत' आणि 'मागे पडलेल्या' असे दोन गट पाडले होते आणि पुढचे सगळे प्रश्न त्या दोन गटांवर बेतले होते.

जालना जिल्ह्यात ही अडचण का टाळता येत नाही, ते समजण्यासाठी कॅलेंडर समोर ठेवा. शाळेचा अधिकृत पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. त्यावर यू-डायसची माहिती जाते, त्यावरच संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. ऊसतोडीच्या टोळ्या हलतात दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडपं जातं, सोबत लेकरं जातात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे आपण शाळेची मोजणी करतो त्या दिवशी सगळे गावात, आणि मोजणी झाली की महिन्याभरात वर्गाचा एक हिस्सा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात.

आता चाचण्यांच्या तारखा बघा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ मध्ये १३ नोव्हेंबरला झालं, २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर आठच दिवसांनी. त्यानंतरचं 'परख' सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला. या तारखा ठरवणाऱ्यांनी ऊस डोळ्यासमोर ठेवला नसणार, देशभराचा विचार करूनच त्या ठरल्या असतील. पण परिणाम व्हायचा तो होतोच. त्या दिवशी वर्गात जी मुलं हजर, त्यांच्यातूनच चाचणी. 'असर'चं सर्वेक्षण घरोघरी जाऊन होतं, जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. शाळेत न गेलेलं मूलही त्यात सापडतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र ज्या घराला कुलूप आहे ते घर मागे राहतं आणि पाहणी करणारे पुढच्या घरी जातात. दोन्ही पद्धतींत गैरहजर राहणारं मूल एकच.

(असरबद्दल आणखी एक. त्यातला वाचनाचा सगळ्यात अवघड उतारा दुसरीच्या पातळीचा असतो. सातवीतल्या मुलाला तो वाचता आला तर 'किमान एवढं येतं' इतकंच कळतं. सातवीचं विज्ञान समजतं का, भूमितीतली सिद्धता जमते का, हे त्यातून कळत नाही, आणि ते सांगायचा त्याचा दावाही नाही. प्राथमिकसाठी केलेलं माप उच्च प्राथमिकला लावून निष्कर्ष काढणारे प्रबंध मी चाळलेत, म्हणून सांगतेय.)

खरा त्रास पुढे आहे. समजा, अ आणि ब अशा दोन शाळा आहेत, केवळ उदाहरणासाठी. दोन्हीकडे सातवीत २० मुलं, दोन्हीकडे शिकवणं सारखंच. दिवाळीनंतर दोन्हीकडची आठ-आठ मुलं जातात. अ शाळा त्यांची नावं पटावर ठेवते, शिक्षण हमी कार्ड देते, परत आली की वर्गात बसवते. ब शाळा महिना-दोन महिने वाट बघून नावं कमी करते. मार्चअखेर चाचणी होते. गावात राहिलेल्या १२ पैकी ९ जणांना वाचता येतं, परत आलेल्या आठपैकी दोघांना. अ शाळेचा निकाल ११ भागिले २०, म्हणजे ५५ टक्के. ब शाळेचा ९ भागिले १२, म्हणजे ७५. वर्षभराच्या हजेरीच्या टक्केवारीतही ब पुढे. जिल्ह्याच्या यादीत कौतुक कुणाचं होणार, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे माप चुकीचं असलं की ते नुसतं चुकीचं राहत नाही. शाळेने काय करू नये हेही ते शिकवतं.

शिक्षण हक्क कायद्यात याला एक उत्तर दडलेलं आहे असं मला वाटतं. कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची असते. छेद तिथून घ्यायचा: गावातली ११ ते १४ वयाची सगळी मुलं. हजर किती आणि पटावर किती, हे नंतर. असं केलं की नावं कमी करून ब शाळेला काही मिळत नाही, आणि हंगामी वसतिगृहाच्या मदतीने चार लेकरं आजीजवळ गावातच ठेवून घेणाऱ्या शाळेची धडपड आकड्यात दिसते. अडचण अशी की गावातली निम्मी मुलं व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात असतील तर त्यांचं श्रेय-अपश्रेय कुणाचं, हा नवा गुंता होतो. तो मी अजून पूर्ण सोडवलेला नाही. सध्या तीन छेद शेजारी-शेजारी लिहिते: हजर, पटावरचे, गावातले. तिन्ही आकड्यांतली दरी हीच बऱ्याचदा शाळेबद्दलची सगळ्यात बोलकी माहिती असते.

आता लहान आकड्यांचं दुखणं. ११ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे नऊ टक्के. एखाद्याला त्या दिवशी ताप असला की शाळा नऊ टक्क्यांनी घसरली! यंदाच्या सातवीत १४ मुलं आणि पुढच्या वर्षी ११ असतील, तर शिकवण्यात काडीचाही बदल न होता निव्वळ योगायोगाने निकाल ४० टक्क्यांपर्यंत वर-खाली होऊ शकतो. प्रमाणाची प्रमाण त्रुटी काढायचं सूत्र तुम्ही पेटसाठी पाठ केलंच असेल. वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण निम्मं धरून १४ आणि ११ त्यात घालून बघा, दोन वर्षांतल्या फरकाची त्रुटी २० टक्क्यांच्या आसपास येते. तिची दुप्पट करा. अमेरिकेत थॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२ मध्ये हेच दाखवलं होतं: गुणवत्तेच्या यादीत सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली लहान शाळाच जास्त दिसतात, कारण त्यांचे आकडे जास्त हेलकावे खातात. आपल्याकडे 'एका वर्षात कायापालट' अशी बातमी वाचली की मी आधी पट विचारते.

आणि पट हा काही नुसता आकडेशास्त्राचा विषय नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेलेल्या शाळांत शिक्षकाच्या पदावरच गंडांतर आलं. कायदा म्हणतो की या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत. तांड्यावरच्या शाळेचा पट २१ वरून १९ झाला, तर गणिताचे सर जाणार आणि मग निकाल पडणार. पुढे कुणी संशोधक येऊन लिहिणार की 'लहान शाळांची गुणवत्ता कमी असते'. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे उलटं वाचायला वेळ लागत नाही.

मग शाळेचं स्वतःचं काम मोजायचं कसं? १९६६ च्या कोलमन अहवालापासून एक गोष्ट वारंवार दिसत आली आहे: मुलांच्या गुणांतला मोठा फरक घरच्या परिस्थितीतून येतो. २०११ च्या जनगणनेत जालन्यात पुरुषांची साक्षरता ८० टक्क्यांच्या वर होती, स्त्रियांची ६१ च्या आसपास. आज सातवीत असलेल्यांच्या आया याच आकड्यांमधल्या. तेव्हा वर्षाच्या शेवटचे गुण बघून शाळेला जोखणं म्हणजे निम्मं आईच्या शाळेला जोखणं. त्यावर उपाय म्हणजे त्याच मुलाला जूनमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा तपासायचं आणि मधली वाढ बघायची. सहावी-सातवीसाठी हे आणखीच गरजेचं आहे, कारण बरीच मुलं चौथीपर्यंत वस्तीशाळेत शिकून इथं आलेली असतात आणि सातवीनंतर प्रशालेत जातात. (जिल्हा परिषदेची हायस्कुलं हा मराठवाड्याला निजामी राजवटीकडून आलेला वारसा. बाकी महाराष्ट्रात माध्यमिक शाळा मुख्यतः संस्थांच्या.) मधल्या तीन वर्षांच्या शाळेला आधीचं पाप-पुण्य दोन्ही आयतं मिळतं.

शाळांना श्रेणी देण्याच्या सरकारी पद्धतींबद्दल थोडक्यात. शाळासिद्धीत सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत, आणि पहिला फॉर्म शाळा स्वतःच भरते. तिच्याआधी मध्य प्रदेशात याच धाटणीचा 'शाला गुणवत्ता' कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी शाळा यादृच्छिक पद्धतीने निवडून तो तपासला. २०२० मध्ये निष्कर्ष आले: मूल्यमापनं झाली, सुधारणेचे आराखडेही तयार झाले, मुलांच्या शिकण्यात मात्र फरक दिसला नाही. यावरून श्रेणी निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, ही तपासणी हवीच, विशेषतः सातवीत. फक्त त्याला शिकण्याचं माप म्हणू नका.

फॉर्मपेक्षा मला न सांगता दिलेली भेट जास्त भरवशाची वाटते. २००३ मध्ये देशभर अशा भेटी देऊन शिक्षकांची गैरहजेरी मोजली गेली. देशाचा आकडा २५ टक्के होता, महाराष्ट्राचा १४.६, राज्यांमध्ये सगळ्यात कमी. हजेरीच्या वहीवरून हे कधीच कळलं नसतं. मुलांसाठी माझी युक्ती साधी आहे. हजेरीपत्रक बघायचं, मग पोषण आहाराची वही बघायची, मग दुपारच्या सुट्टीत ताटं स्वतः मोजायची. तिन्ही जुळले तर त्या शाळेच्या बाकी कागदांवरही माझा विश्वास बसतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी मंठ्याच्या त्या शाळेत पुन्हा गेले. गेलेल्या आठपैकी सात जण परतले होते. एकाच्या हाताला कोयत्याची ताजी जखम होती. सगळ्यांना पुन्हा वाचायला दिलं. गावात राहिलेल्या ११ पैकी आता नऊ जणांना येत होतं, परतलेल्यांपैकी तिघांना. ४२ ते ८४ ची सीमा आता ६३ ते ६८ वर आली. उरलेला पाच टक्क्यांचा फरक एका मुलीचा आहे. ती परतली नाही. सरांनी दोनदा तांड्यावर जाऊन विचारलं, तर घरच्यांनी पाहुण्यांकडे आहे एवढंच सांगितलं. तिचं नाव पटावर तसंच आहे, आणि माझ्या तक्त्यातही एकोणिसावी ओळ मी पुसलेली नाही.