ती नाटक करत नाहीये

मागच्या एपिसोडनंतर एकीचा मेसेज आला, "मैत्रीण स्वतःला इजा करून घेते. नाटक करते का?"

मी म्हटलं, नाही गं. बाळ रडतं, कुणीतरी जवळ घेतं, ते शांत होतं. असं हजारदा झालं की स्वतःला शांत करणं जमू लागतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी या बंधाला 'अटॅचमेंट' म्हणायचे. तो डळमळीत राहिला, तर टीनएजमध्ये भावनांचा लोंढा आवरणं जड जाऊ शकतं. कारणं इतरही असतात. पण इजा हा बऱ्याचदा तो लोंढा थांबवायचा प्रयत्न असतो. सुटका क्षणभर, मग अपराधी वाटणं.

म्हणून ओरडू नकोस, शपथा घालू नकोस. शेजारी बस, ऐक. "कुणाला सांगू नको" म्हणाली, तरी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. आणि टेली-मानसचा नंबर दे: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.