टच हवाय, पण बटणंही हवीत!

लिफ्ट बाराव्या मजल्यावरून खाली पोहोचायच्या आत क्लायंटला तीन ओळींचं उत्तर पाठवायचंय. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याची काचेवर चाललेली धडपड. 'डिअर मिस्टर देशपांडे' लिहिलं, पाठवलं आणि मग दिसलं की ऑटोकरेक्टने देशपांडेंचं 'डेस्परेट' करून टाकलंय. हसू नका मंडळी, ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना विचारा!

अशी वेळ आलेली माणसं हमखास मला गाठतात. मी सेल्समध्ये आहे, दिवसातला निम्मा वेळ डेस्कपासून लांब असतो आणि मित्रमंडळींत 'गॅजेटवाला' म्हणून माझी (बरीवाईट) ख्याती आहे. प्रश्न ठरलेला असतो. 'यार, टचस्क्रीन आहे पण खरीखुरी बटणंही आहेत, असा फोन अजून मिळतो का?' मिळतो की! पण तो तुम्ही घ्यावा का, हे दोन गोष्टींवर ठरतं. तुम्ही दिवसभर नेमकं काय टाईप करता, आणि तुमचं ऑफिस त्या फोनला दारातून आत घेतं का. टायपिंगचा वेग वगैरे नंतरच्या गप्पा.

तो एक जमाना होता

२००० चं दशक संपत आलं तेव्हा टच आणि कीबोर्ड एकत्र असलेला फोन म्हणजे ऑफिसातली शान होती. सोनी एरिक्सनचा एक्सपेरिया एक्स-१ (२००८) किंवा नोकियाचा एन-९७ (२००९) हातात घेऊन स्क्रीन सरकवली, की खालून अख्खा कीबोर्ड बाहेर यायचा. मीटिंगमध्ये तो 'खट्' आवाज मुद्दाम काढणारे महाभागही होते. २०१० मध्ये ब्लॅकबेरीने टॉर्चमध्ये दोन्ही एकत्र आणलं, २०११ मध्ये नोकियाचा ई-७ बाजारात आला, आणि २०१४ चा ब्लॅकबेरी पासपोर्ट तर इतका चौकोनी आणि रुंद, की शर्टाच्या खिशाने हातच टेकावेत.

भारतात ब्लॅकबेरी एअरटेलने २००४ मध्ये आणला. सहा वर्षांनी व्होडाफोनची 'ब्लॅकबेरी बॉईज' ही जाहिरात झळकली, तोवर तो सूटबूटवाल्यांच्या हातातून निसटून कॉलेजच्या कट्ट्यावर पोहोचला होता. आणि त्यावरचा तो लुकलुकणारा लाल दिवा! रात्री अकरा वाजता तो लुकलुकायला लागला की जेवणाच्या ताटावरून उठणारी माणसं मी पाहिलीयेत.

आज त्यातलं काहीही घेण्यासारखं उरलेलं नाही. टीसीएल कंपनीने ब्लॅकबेरी नावाचे फोन विकणं ३१ ऑगस्ट २०२० ला थांबवलं. ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या सिस्टिमवर चालणाऱ्या जुन्या फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपने सिम्बियन आणि ब्लॅकबेरी या दोघांनाही २०१७ मध्येच रामराम ठोकला होता. ई-७ सारख्या फोनची धाव थ्रीजीपर्यंतच, आणि जिओकडे टूजी-थ्रीजी मुळात नाहीच; एअरटेलनेही २०१९-२० मध्ये थ्रीजी गुंडाळलं. तेव्हा सेकंडहँड बाजारात चकचकीत पॅकिंगमध्ये ब्लॅकबेरी दिसला आणि जीव खालीवर झाला, तरी पुढे चला. तो फार तर पेपरवेट म्हणून चालेल.

ब्लॅकबेरी की-टूचं जरा वेगळं. हा अँड्रॉइडवर चालतो, जुलै २०१८ मध्ये भारतात ४२,९९० रुपयांना आला होता आणि माझ्या मते या जातीतला सगळ्यात जमून आलेला फोन हाच. पण त्याचं अँड्रॉइड ८.१ च्या पुढे सरकलंच नाही. अशा फोनवर ऑफिसचा मेल आणि बँकेचं अ‍ॅप ठेवणं म्हणजे दार नुसतं लोटून घेऊन गावाला जाणं.

बटणांनी वेग वाढतो? जरा थांबा

हा सगळ्यात लाडका गैरसमज. फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झ्युरिकचं ईटीएच इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ३७ हजार लोकांचं मोबाईलवरचं टायपिंग मोजलं. सरासरी निघाली मिनिटाला ३६ शब्द. दोन्ही अंगठे वापरणारे ३८ पर्यंत गेले. त्याआधी २०१८ मध्ये कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर १ लाख ६८ हजार लोकांचं टायपिंग मोजलं होतं, तिथली सरासरी ५२. फरक आहे, पण तो दहा बोटं मावतील अशा मोठ्या कीबोर्डचा आहे. फोनला चिकटलेल्या इवल्याशा बटणांवरही आपले अंगठे दोनच!

त्याच अभ्यासात आणखी एक मजेशीर गोष्ट निघाली. ऑटोकरेक्ट चालू ठेवणारे जास्त वेगाने लिहितात, पण कीबोर्डच्या वर दिसणाऱ्या तीन शब्दांतून निवडत बसणारे हळू पडतात. निवडण्यापेक्षा वाचण्यातच वेळ जातो. तेव्हा ते शब्द वाचत बसायची सवय सोडा आणि नेहमीच्या क्लायंटची आडनावं फोनच्या डिक्शनरीत स्वतः टाकून ठेवा. पैसे शून्य. निम्म्या लोकांचं दुखणं इथेच थांबतं आणि मला फोन करायची वेळही येत नाही.

मग बटणं हवीत कशाला?

एक म्हणजे स्क्रीन मोकळी राहते. काचेवर कीबोर्ड उघडला की जवळजवळ निम्मी स्क्रीन तोच खातो. क्लायंटने सहा मुद्दे पाठवलेत आणि एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचंय, तेव्हा वर-खाली सरकवून अंगठा दुखतो. बटणं वेगळी असतील तर त्याचा मेल आणि तुमचं उत्तर दोन्ही डोळ्यांसमोर.

दुसरं म्हणजे बोटांना कडा कळतात. मीटिंगमध्ये समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत दोन शब्द टिपून ठेवता येतात. काचेवर हे करून बघा, काय लिहिलं जातंय ते!

तिसरं जून ते सप्टेंबर या काळातलं. पावसाचे थेंब पडलेली काच वेड्यासारखी वागते, अंगठा एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. ओल्या बोटांनीही बटण दाबलं जातं. (फोन भिजवा असं म्हणत नाहीये हं. फटीत पाणी गेलं की कीबोर्डचंही वाजतं, आणि आपल्याकडची धूळ तर त्या फटींवर टपूनच बसलेली असते.)

पण ज्यांनी ब्लॅकबेरी खऱ्या अर्थाने वापरला, ते आठवण काढतात ती शॉर्टकटची. मेलच्या यादीत 'टी' दाबलं की सगळ्यात वर, 'बी' दाबलं की तळाला. मेल उघडून 'आर' दाबलं की रिप्लाय, 'एफ' दाबलं की फॉरवर्ड. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आणि पुढचं अक्षर आपोआप कॅपिटल. की-टूवर प्रत्येक अक्षराच्या बटणाला दोन कामं नेमता यायची, एक नुसतं दाबल्यावर आणि दुसरं दाबून धरल्यावर. म्हणजे २६ बटणांवर ५२ कामं! 'एम' धरला की मॅप, 'सी' धरला की कॅलेंडर. हात बसला की फोनकडे न बघता दिवस उरकायचा. वेगाचा जो भास होतो ना, तो टायपिंगचा नसतो, या न शोधाव्या लागणाऱ्या गोष्टींचा असतो.

आणि आता दुसरी बाजू

अशा बहुतेक छोट्या कीबोर्डवर आकड्यांची वेगळी ओळ नसते. आकडे अक्षरांच्याच बटणांवर बसलेले असतात, आणि त्यासाठी आधी आल्ट दाबायचं. इंग्रजी वाक्यात हे खपून जातं. पण आपल्या कामात काय असतं? जीएसटी नंबर म्हणजे पंधरा खणांची अक्षरं-आकड्यांची खिचडी. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवातच २७ ने. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर. आयएफएससी कोड अकरा खणांचा. अकाउंट्स किंवा पर्चेसमधल्या माणसाने बटणांच्या प्रेमात पडण्याआधी अशा फोनवर आपल्या कंपनीचा जीएसटी नंबर तीनदा टाईप करून बघावा. प्रेम ओसरतं.

त्याहून मोठा प्रश्न मराठीचा. बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी आहेत. काचेवर भाषेची खूण दाबली की क्षणात देवनागरी समोर येते, बोलून लिहिता येतं, 'उद्या' रोमनमध्ये लिहिलं तरी देवनागरीत उमटतं. बटणांवर देवनागरी लिहायची तर कुठल्या इंग्रजी अक्षराखाली कोणतं मराठी अक्षर दडलंय हे पाठ हवं. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना जमेल, बाकीचे काचेकडेच परत येतील. माझे निम्मे डीलर नाशिक-सांगलीकडचे. त्यांचे मेसेज मराठीत येतात आणि उत्तरही मराठीत गेलं की काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे. त्यांच्यासाठी मला ती बटणं काडीच्या उपयोगाची नाहीत.

बाजारात काय आहे?

मॉलमधल्या शोकेसमध्ये हे फोन शोधू नका, सापडणार नाहीत. चीनच्या युनिहर्ट्झ कंपनीने २०२५ मध्ये किकस्टार्टरवर आणलेला टायटन २ हा आजचा सरळसरळ पर्याय. साडेचार इंचांची चौकोनी टचस्क्रीन, खाली कीबोर्ड, अँड्रॉइड १५, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी जागा आणि ५०५० एमएएचची बॅटरी. कागदावर एकदम सही! पण हातात घेतला की वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे, आणि आजची सगळी अ‍ॅप्स उंच स्क्रीनसाठी बनवलेली असल्यामुळे चौकोनात ती अवघडून बसतात. छोट्या कंपनीकडून अपडेट किती वर्षं येतील, हाही प्रश्न आहेच. सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ पासून आणि गुगलने पिक्सेल ८ पासून सात-सात वर्षांचं आश्वासन दिलंय, ते शेजारी ठेवून बघा. शिवाय बाहेरून मागवला तर कस्टम्सची ड्युटी आणि जीएसटी धरूनच हिशेब मांडा.

आयफोनवाल्यांसाठी क्लिक्स नावाचं एक कव्हर २०२४ मध्ये आलं, सुरुवातीची किंमत १३९ डॉलर. फोन त्यात बसवायचा, खाली कीबोर्ड लटकतो आणि थेट फोनच्या पोर्टला जोडला जातो, त्यामुळे ब्लूटूथ किंवा वेगळ्या बॅटरीची भानगड नाही. नंतर काही अँड्रॉइड फोनसाठीही ते आलं. फोन लांबुळका होतो, जीन्सच्या खिशातून डोकं काढून बघतो. पण मराठी लिहायची वेळ आली की कव्हर काढलं आणि काम झालं, हा त्याचा मोठा गुण. याच मंडळींनी जानेवारी २०२६ मध्ये कम्युनिकेटर नावाचा बटणांचा अख्खा फोनही जाहीर केला.

तिसरा पर्याय कुणालाच ग्लॅमरस वाटत नाही. नेहमीचा चांगला फोन आणि बॅगेत एक छोटा ब्लूटूथ कीबोर्ड. लॉजिटेकचा के-३८० एकाच वेळी तीन उपकरणांशी जोडून ठेवता येतो. फोन, टॅब आणि लॅपटॉप. दहा बोटं वापरता येतात, म्हणजे वर म्हटलेल्या ५२ शब्दांचा खरा फायदा इथेच मिळतो. अट एकच, बसायला जागा हवी. लोकलमध्ये विसरा.

माझं मत विचाराल तर लांब रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी हा तिसरा मार्ग धरावा. उभ्याउभ्या, इंग्रजीत, दिवसाला पन्नास छोटे मेल मारणाऱ्या आयफोनवाल्यांनी क्लिक्स बघावं. टायटन २ फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे दुसरा फोन आहे आणि तो बाळगायची तयारीही आहे.

आधी आयटीवाल्यांना विचारा

फोन पसंत करण्यात लोक तीन आठवडे घालवतात आणि ही गोष्ट विचारायला विसरतात. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या फोनवर ऑफिसचा मेल देण्याआधी तो तपासतात. ठरावीक आवृत्तीच्या खालचं अँड्रॉइड असेल किंवा सिक्युरिटी पॅच फार जुना असेल, तर मेल मिळतच नाही. माझ्या ओळखीच्या एकाने हौसेने बटणांचा फोन मागवला आणि त्याच्या ऑफिसने मेल द्यायला साफ नकार दिला. आता तो फोन त्याची मुलगी कॅल्क्युलेटर म्हणून वापरते. तेव्हा आयटीला एक मेल टाका. किमान अँड्रॉइड कोणतं लागतं, पॅच किती जुना चालतो, आणि अमुक कंपनीचा फोन चालेल का? उत्तर लेखी घ्या, कँटीनमधलं 'हो हो, चालेल रे' धरू नका.

बाहेरून येणाऱ्या फोनला आपल्या नेटवर्कचे बँडही जमायला हवेत. जिओचं फोरजी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं आणि जिओवर कॉल लागतो तोच व्होल्टीईवर. बँड जुळले तरी व्होल्टीई चालेलच असं नाही. म्हणून फोन परत करायची मुदत संपायच्या आत, शक्यतो पहिल्याच संध्याकाळी, स्वतःचं सिम टाकून चार गोष्टी करून बघा. एक कॉल लावा, बँकेचा ओटीपी येतो का बघा, ऑफिसचा मेल जोडा आणि यूपीआयची नोंदणी करा. नोंदणीसाठी त्याच सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, तो गेला की कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दहा रुपये पाठवा. तोवर खोका आणि बिल फेकू नका.