पडद्यापलीकडील रुग्ण

रुग्णालयातील नोकरी सोडून घरूनच, इंटरनेटद्वारे, स्वतंत्र व्यवसाय मांडावा असा विचार आता पुष्कळ मानसशास्त्रज्ञ करतात. जागेचे भाडे नको, दारावर पाटी नको. इंदुरात बसून बेळगावच्या माणसाशी मराठीत बोलता येते, हा लाभ तर मोठाच. मात्र पाटी नसली तरी नोंदणी सुटत नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे नाव १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही; ते काम डॉक्टरांचे.

दवाखान्यात दार लोटले की बोलणे गुप्त राहते. येथे दार रुग्णाच्या घरचे, आणि पलीकडे सासूबाई भाजी निवडीत बसलेल्या! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला. घराची भिंत काही त्यामुळे जाड झाली नाही. तेव्हा बोलण्याची वेळ रुग्णाच्या सोयीने ठरवावी.

याहून कठीण प्रसंग म्हणजे रुग्ण जीव देण्याची भाषा करू लागतो तो. तज्ज्ञ शेकडो मैल दूर. त्या क्षणी पत्ता विचारणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून पहिल्याच भेटीत, हकीकत ऐकण्यापूर्वी, जवळचे नातलग व इस्पितळ कोणते हे लिहून घ्यावे आणि संकटात त्यांना कळविण्याची संमती मिळवावी. रुग्ण आज कोठून बोलत आहे, हे तर प्रत्येक भेटीत विचारावे. तज्ज्ञ रात्री झोपणारच. त्या वेळेसाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाला आधीच द्यावा, फीचा आकडा सांगण्याच्याही आधी.