पाचूचा हिरवा रंग आणि इलेक्ट्रॉनांची मांडणी

जयपूरचा जोहरी बाजार आणि त्याला लागून असलेला 'गोपालजी का रास्ता' हा भाग रंगीत रत्नांच्या व्यापारासाठी जगभर ओळखला जातो. झांबिया, ब्राझील, कोलंबिया या देशांच्या खाणींतून निघालेला कच्चा पाचू येथे मोठ्या प्रमाणावर येतो. येथील कारागीर त्याला पैलू पाडतात आणि तयार खडे देशात व परदेशात रवाना होतात. हिरव्या रंगाच्या छटेत थोडासा फरक पडला तरी खड्याची किंमत कित्येक पटींनी बदलते. ज्या रंगावर एवढे मोल ठरते, तो रंग खड्यातील अगदी मोजक्या अणूंमुळे आलेला असतो. त्याचे कारण रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील अणुसंरचनेच्या पाठात सापडते.

पाचू हा बेरिल या खनिजाचा एक प्रकार आहे. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन या चार मूलद्रव्यांपासून बेरिल बनते. शुद्ध बेरिल रंगहीन असते. भूगर्भात स्फटिक तयार होत असताना ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने घेतल्या, तर तेच बेरिल हिरवे होते. काही पाचूंमध्ये व्हॅनेडियमचाही यात वाटा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियमचा शोध लावला. या धातूची संयुगे विविध रंगांची असल्यामुळे 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवण्यात आले.

क्रोमियमची वेगळी मांडणी

अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असल्याचे दाखवले. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्येच राहतात, असा सिद्धांत मांडला. या कक्षांना कवचे म्हणतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ३२ इलेक्ट्रॉन सामावतात. कवचांमध्ये एस, पी, डी, एफ अशी उपकवचे असतात. त्यांची क्षमता अनुक्रमे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉनांची असते.

क्रोमियमच्या अणूत २४ इलेक्ट्रॉन आहेत. नेहमीच्या क्रमाने ते २, ८, १२, २ असे भरले जाणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ही मांडणी २, ८, १३, १ अशी आढळते. डी उपकवचातील पाचही जागांमध्ये एकेक इलेक्ट्रॉन असणे, म्हणजेच ते उपकवच नेमके अर्धे भरलेले असणे, अधिक स्थिर ठरते. म्हणून बाहेरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन आतील डी उपकवचात जातो.

पाचूमध्ये क्रोमियम तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्या रूपात असतो. त्याच्या डी उपकवचात तीनच इलेक्ट्रॉन उरतात. ॲल्युमिनियमही तीन इलेक्ट्रॉन गमावतो. परंतु त्यानंतर त्याच्यापाशी पूर्ण भरलेली कवचेच उरतात. तेथील इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेण्यास दृश्य प्रकाशाची ऊर्जा पुरत नाही. त्यामुळे प्रकाश आरपार जातो आणि शुद्ध बेरिल रंगहीन दिसते.

क्रोमियमची स्थिती निराळी असते. स्फटिकात त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन असतात. त्यांच्या प्रभावामुळे डी उपकवचातील पाच जागा एकसारख्या ऊर्जेच्या न राहता दोन गटांत विभागल्या जातात. या दोन गटांमधील ऊर्जेचा फरक दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेइतकाच असतो. पाचूतील इलेक्ट्रॉन पांढऱ्या प्रकाशातील जांभळा आणि पिवळा-नारिंगी भाग शोषून वरच्या गटात जातात. उरलेल्या प्रकाशात हिरवा रंग प्रबळ असतो आणि तोच डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

माणकाचा लाल रंगही याच क्रोमियममुळे येतो. माणिक हा कुरुंद या खनिजाचा प्रकार आहे. कुरुंदात ऑक्सिजनचा क्रोमियमवरील प्रभाव अधिक तीव्र असतो. त्यामुळे दोन गटांमधील अंतर वाढते, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल शिल्लक राहतो. मूलद्रव्य तेच आणि इलेक्ट्रॉनही तीनच. केवळ शेजार बदलल्याने रंग बदलतो.

खऱ्याखोट्याची पारख

या ज्ञानाचा उपयोग रत्नांच्या परीक्षणात होतो. जयपूरमध्ये १९७२ पासून रत्नपरीक्षण प्रयोगशाळा कार्यरत आहे. खड्यातून गेलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला असता, क्रोमियममुळे वर्णपटाच्या लाल भागात काळ्या रेषा दिसतात. लोहामुळे हिरव्या झालेल्या काचेत त्या आढळत नाहीत. शिवाय पाचूतून जाणारा प्रकाशकिरण दुभागतो, तर साध्या काचेत तसे होत नाही.

मात्र या परीक्षेलाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाचूतही क्रोमियमच असतो आणि त्याच्या रेषाही तशाच दिसतात. खडा निसर्गनिर्मित आहे की मानवनिर्मित, हे ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकातून त्याच्या आतील द्रवाचे थेंब, बारीक भेगा आणि इतर खनिजांचे कण तपासावे लागतात. म्हणूनच केवळ रंगावर विसंबून महाग खडा घेणे धोक्याचे ठरते. विश्वासार्ह प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहणे ग्राहकाच्या हिताचे असते.

निळ्या भांड्यांतही तोच नियम

जयपूरची निळी भांडी, अर्थात 'ब्ल्यू पॉटरी', हे याच नियमाचे दुसरे उदाहरण आहे. ही भांडी नेहमीच्या कुंभारी मातीची नसतात. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांच्या मिश्रणातून ती घडवली जातात. त्यांवरील नक्षीसाठी कोबाल्टचे ऑक्साइड वापरतात. ते मुळात काळसर असते. भट्टीत तापल्यावर ते वितळलेल्या काचेत मिसळते आणि कोबाल्टच्या आयनाभोवती चार ऑक्सिजन येतात. त्याच्या डी उपकवचातील सात इलेक्ट्रॉन मग नारिंगी-पिवळ्या भागातील प्रकाश शोषू लागतात आणि काळसर रेघ गडद निळी होते. फिरोजी छटेसाठी तांब्याचे ऑक्साइड वापरले जाते. तांब्याच्या आयनाच्या डी उपकवचात नऊ इलेक्ट्रॉन असतात. दहाव्या इलेक्ट्रॉनाची एक जागा रिकामी असल्यामुळेच हा रंग मिळतो. जस्ताच्या आयनात तीही जागा भरलेली असते. म्हणून जस्त असा रंग देऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांना २, ८, १३, १ ही मांडणी अनेकदा केवळ पाठ करण्याजोगा अपवाद वाटते. जयपूरच्या बाजारात मात्र खड्याचे मोल ठरवणारा हिरवा रंग याच डी उपकवचातील तीन इलेक्ट्रॉनांमुळे दिसतो.