औषध खाटेपर्यंत पोहोचते, पडताळणी पोहोचत नाही

आपल्याकडील औषधविषयक चर्चा किंमत, तुटवडा आणि भेसळ या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहते. अस्सल आणि परवडणारे औषध मिळूनही रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला त्यातूनच अपाय होऊ शकतो, हा चौथा मुद्दा धोरणकर्त्यांच्या नजरेतून निसटतो. मूत्रपिंड क्षीण झालेल्या रुग्णाला प्रतिजैविकाची पूर्ण मात्रा दिली जाते. वॉरफरिन घेणाऱ्यास वेदनाशामक गोळी सुरू होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरी चालू असलेले औषध दाखल होताना केसपेपरवर उतरतच नाही. अशा वेळी एखादा दोषी शोधणे सोपे असते. पण त्याने पुढचा रुग्ण वाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधोपचारातील टाळता येण्याजोगा गंभीर अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. औषधोपचारातील चुकांचा जागतिक खर्च तिने वर्षाला ४२ अब्ज डॉलर इतका मांडला होता. भारताचा औषधसतर्कता कार्यक्रम त्याआधीच, २०१० मध्ये सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. हा कार्यक्रम प्रामुख्याने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करतो. त्या आवश्यकच आहेत. परंतु त्या अपाय घडून गेल्यानंतरच्या असतात. औषध देण्यापूर्वी त्यावर दुसरी नजर फिरावी, यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

ही नजर कोणाची असावी, याचे उत्तर कागदावर तयार आहे. सहा वर्षांचा ‘फार्म.डी.’ अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ या पदास मान्यता मिळाली. तरीही मी पाहिलेल्या सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माता भेटला तो खिडकीमागे, साठ्याचा हिशेब लिहिताना. वॉर्डातील पडताळणी रात्रपाळीच्या परिचारिकेवर सोडलेली होती आणि तिच्या वाट्याला खाटा किती, हे विचारण्याचीही सोय नव्हती.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण टाळता येण्याजोग्या अपायाने लांबलेल्या मुक्कामाचा खर्चही सार्वजनिक तिजोरीवरच पडतो. प्रारंभ वैद्यकीय महाविद्यालयांच्या अतिदक्षता, मूत्रपिंडविकार आणि वृद्धांच्या विभागांपासून करता येईल. दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी सोडताना औषधांची यादी जुळवणे बंधनकारक व्हावे. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र द्रावणे सर्वसाधारण वॉर्डातून हलवण्यास तर नवा निधीही लागत नाही. आणि चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षेपासून अभय हवे. नाहीतर नोंदवह्या स्वच्छ राहतील आणि रुग्ण मात्र असुरक्षित.

माझ्या मते, नियम केल्यावर त्यासाठी पदे मंजूर न करणे ही काटकसर नव्हे. प्रशिक्षित मनुष्यबळ घडवून ते वॉर्डाच्या दाराबाहेर उभे ठेवण्याची किंमत अखेर खाटेवरचा माणूस मोजतो.