माईकची घरघर कुठून येते?

कार्यक्रम रंगात आलेला असताना स्पीकरमधून घरघर सुरू झाली की सगळ्यांच्या माना ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाकडे वळतात, आणि टेबलावर बसलेला कॅडेट हाताला येईल ते बटण फिरवू लागतो. बहुतेक वेळा त्याने घरघर वाढते. यंदा ध्वनिपथकात नव्याने आलेल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी ही माहिती देत आहे. वार्षिक समारंभातली गाणी-नाटके सोडा, पण हुतात्मा झालेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे वाचली जातात तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांना प्रत्येक नाव स्वच्छ ऐकू आले पाहिजे. ते तुमच्या हातात असते.

आधी आवाजाचा प्रवास समजून घ्या. तोंडाजवळ धरलेल्या साध्या डायनॅमिक माईकमधून बोलताना साधारण एक-दोन मिलिव्होल्ट एवढाच विद्युत संकेत निघतो. मिक्सरच्या पोटात मात्र काम चालते ते १ व्होल्टच्या आसपास. व्यावसायिक उपकरणांची ठरलेली लाईन पातळी १.२३ व्होल्ट आहे. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर संकेत शेकडो पट, आणि हळू बोलणाऱ्यासाठी हजार पटही वाढवावा लागतो. व्होल्टेज हजार पट वाढवणे म्हणजे ६० डेसिबल. हे काम चॅनेलच्या माथ्यावरचे गेनचे बटण करते. खालचा सरकता फेडर फक्त वाढलेला संकेत पुढे किती सोडायचा ते ठरवतो. दोन्हींनी आवाज कमी-जास्त होतो म्हणून नवशिके त्यांना एकच समजतात, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक टप्पा स्वतःची थोडी ‘स्स्स’ अशी फुसफुस संकेतात मिसळत असतो. गेन फार कमी ठेवला तर माईकचा संकेत त्या फुसफुशीच्या जेमतेम वर राहतो. मग आवाज पुरत नाही म्हणून तुम्ही फेडर, मास्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळे वर नेता, आणि बोलण्याबरोबर फुसफुसही तेवढीच वाढते. दुधात पाणी पडले की नंतर मोठ्या पातेल्यात ओतून ते वेगळे होत नाही, तसेच हे. उलट गेन फार वाढवला तर संकेताची शिखरे वरून छाटली जातात आणि आवाज फाटतो. एकदा फाटलेला आवाज पुढे फेडर खाली आणून शिवला जात नाही. तो फक्त हळू आवाजात फाटलेला ऐकू येतो.

म्हणून गेन आधी, बाकी सगळे नंतर. अ‍ॅम्प्लिफायर खाली ठेवा. चॅनेलचे सोलो किंवा पीएफएल बटण दाबा म्हणजे मीटरवर तो एकच माईक दिसेल. वक्त्याला बोलायला सांगा. पण ‘हॅलो, चेक, चेक’ नको. चाचणीला कुजबुजणारा मुलगा वक्तृत्व स्पर्धेत गर्जना करतो, त्यामुळे त्याच्या भाषणातली सर्वांत जोरकस दोन वाक्ये खऱ्या आवाजात म्हणवून घ्या. अ‍ॅनालॉग मिक्सरवर काटा किंवा दिवे शून्याच्या आसपास खेळतील, जोराच्या शब्दाला थोडे वर जातील आणि लाल पीक दिवा पेटणार नाही, इथवर गेन न्या. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवा, कारण तिथे शून्य ही कमाल मर्यादा असते, त्यापुढे जागाच नाही. मग चॅनेलचा फेडर आणि मास्टर शून्याच्या खुणेवर आणा, आणि सभागृहात हवा तेवढा आवाज येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू वाढवा. या क्रमाने गेलात तर फुसफुशीची तक्रार बहुधा उरत नाही.

तरीही आवाज येत असेल तर तो कान देऊन ऐका, कारण प्रत्येक बिघाडाचा सूर वेगळा. वायर हलवली की ‘चर्र-खर्र’ झाले तर जोडणी तुटकी आहे. वायर बदला, टेप गुंडाळत बसू नका. मध्येच ‘टिक-टिक-टर्र’ वाजले तर कुणाचा तरी मोबाईल माईकजवळ आहे. रंगमंचावरचे दिवे मंद करताच ‘भर्रर’ सुरू झाले तर दिव्यांच्या डिमरकडे पाहा. माईकच्या वायर विजेच्या वायरींना समांतर टाकू नका, ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडा. आणि सतत एकाच खालच्या सुरात ‘घूंऽऽ’ येत असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर आहे.

या घरघरीचा माग काढताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मास्टर पूर्ण खाली करा. घरघर तशीच राहिली तर दोष मिक्सरच्या पुढे आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत. थांबली तर दोष मागे आहे. मग मास्टर पुन्हा वर आणून एकेक चॅनेल म्यूट करत जा. ज्याला म्यूट केल्यावर ती थांबेल त्याची वायर तपासा. एक्सएलआर वायरीत तीन पिना असतात: पहिली शील्डची, दुसरी आणि तिसरी संकेताची, पण एकमेकींच्या उलट दिशेने. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच येतो आणि मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, म्हणून गोंगाट वजा होऊन जातो. गिटारची दोन तारांची वायर माईकला लावली तर ही सोय जाते. तीन-चार मीटरला ती चालून जाते, पंधरा मीटरला नाही.

लॅपटॉपवरून संगीत वाजवताना घरघर किंवा बारीक किणकिण आली तर चार्जर काढून पाहा. लगेच थांबली तर कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि पुढच्या वेळेसाठी मध्ये डीआय बॉक्स मागून घ्या.

सर्वांत चिवट घरघर अर्थिंगच्या वळशाची. मिक्सर सभागृहाच्या मागच्या सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचाजवळच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी वायरीची शील्ड. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये किंचित फरक असला की शील्डमधून प्रवाह फिरतो आणि स्पीकर घूं करू लागतो. उपाय म्हणजे दोन्ही उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज द्या, नाहीतर संकेताच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

मांडववाले यावर एक झटपट इलाज करतात: प्लगची अर्थची जाड पिन तोडून टाकतात. घरघर खरोखर थांबते, म्हणूनच तो इलाज इतका पसरला आहे. आपल्या टेबलावर असा प्लग दिसला तर तो तिथेच बाजूला काढा आणि मला सांगा. उपकरणात बिघाड होऊन फेजची तार पेटीला टेकली तर अर्थमधून प्रवाह वाहून एमसीबी पडतो. अर्थच नसेल तर एमसीबी पडत नाही, पेटी २३० व्होल्टवर राहते, आणि त्या पेटीला शील्डने जोडलेली असते माईकची धातूची नळी. ती हातात धरून नुकत्याच पुसलेल्या ओल्या रंगमंचावर कुणीतरी अनवाणी गात असते. डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण खुशाल वापरा. ते फक्त संकेताचा अर्थ सोडवते, विजेचा नाही.

शिट्टी वाजते तो फीडबॅक. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून फिरत राहतो. घाबरून मास्टर पाडू नका, दोषी माईकचा फेडर थोडा खाली घ्या. माईक स्पीकरच्या मागे राहील असा ठेवा, आणि वक्त्याला जवळ या म्हणा: तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात. न लागणारे माईक बंद ठेवा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. समूहगीताला आठ माईक मागणाऱ्यांना हे सांगा आणि चारच द्या.

सुरू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी. उलट केले तर मिक्सरचा ‘धप्प’ थेट स्पीकरवर बसतो. जमलेल्या पातळ्यांच्या खुणा कागदी टेपवर पेन्सिलीने करून ठेवा, कारण दुपारच्या तालमीनंतर कुणीतरी बटणे फिरवून जातेच.