कडा दिसला, डास दिसला नाही

गागोदे बुद्रुक आपल्याला ठाऊक आहे ते विनोबांचं जन्मगाव म्हणून. पेण तालुक्यातलं हे डोंगराकडचं गाव. अठराव्या शतकात इथल्या माणसाला देशावर जायचं तर घाट चढण्याला पर्याय नव्हता. बोरघाटातून गाडी जाण्याजोगा रस्ता खुला झाला तोच मुळी १८३० मध्ये. तोवर मीठ-तांदूळ बैलांच्या पाठीवर चढायचं. दरड, पूर, जनावर, काहीही आडवं येई. घाटमाथ्यावरच्या वाघजाईपुढे नारळ ठेवायचा आणि पाय उचलायचा. या भीतीचं चित्र काढून ते दिवाणखान्यात लावावं, असं कुणाला सुचण्याचं कारण नव्हतं.

युरोपात मात्र ते सुचलं. संकट सुरक्षित अंतरावरून पाहिलं तर त्यातही एक आनंद असतो, असं एडमंड बर्कनं १७५७ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. मग वादळात सापडलेले, कड्याखालून निघालेले वाटसरू कागदावर आले. जागेवर पेन्सिलीनं कच्चं रेखाटन, त्यावर टाकाची रेघ, शेवटी पाणी घातलेल्या शाईचे हात. काळा कडा अर्ध्याहून अधिक कागद व्यापतो आणि तळाशी माणसं नखाएवढी. त्यांना चेहरा नसतो. कडा किती उंच, हे कळावं एवढ्यापुरतीच ती तिथं असतात.

ही नजर घेऊन चित्रकार आपल्याकडेही आले. स्कॉटिश जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यात त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवली. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईला आले, तेव्हा लेणी दाखवायला वेल्सच त्यांच्याबरोबर हिंडला. पुण्याचा गंगाराम तांबट याच वर्तुळातला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं १७९० मध्ये चितारला, इंग्रज वकील मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. वेल्सइतकंच त्याचंही नाव आपल्या तोंडी असायला हवं होतं.

वेल्सचा घात कड्यानं केला नाही, वाघानंही नाही. साष्टीत, कान्हेरीच्या लेण्यांत काम करताना त्याला ताप भरला आणि १७९५ मध्ये तो गेला. अशा तापाचा दोष तेव्हा कोंदट, कुजक्या हवेला देत. हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात सापडले ते १८९७ मध्ये. कोकणच्या जंगलात शिरणाऱ्याला खरी धास्ती तापाची होती; चित्रात ती कुठंच नाही, कारण तिला काढण्याजोगा आकारच नव्हता.

वेल्सची वेरूळची रेखाटनं पुढे थॉमस डॅनियलनं लंडनमध्ये छापली. गंगारामची बरीच चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. जरूर पाहा.